फुलांच्या नक्षीची जुनी कॉर्निंगवेअर भांडी : ओळख आणि मूल्यनिर्धारण

स्वयंपाकघरातील भांड्यांकडे संग्राह्य वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी तशी अलीकडची आहे. अमेरिकेतील कॉर्निंग ग्लास वर्क्स या कंपनीने १९५८ साली बाजारात आणलेली, निळ्या फुलांची नक्षी असलेली पांढरीशुभ्र ‘कॉर्निंगवेअर’ भांडी हे या बदलत्या दृष्टीचे ठळक उदाहरण होय. आंतरजालावरील विक्रीस्थळांवर यांपैकी एखाद्या साध्या भांड्यासाठी दहा हजार डॉलरची मागणीही नोंदविलेली आढळते; तशाच प्रकारचे भांडे जुन्या वस्तूंच्या दुकानात मात्र अगदी किरकोळ किमतीत मिळते. ही तफावत का पडते आणि भांड्याची खरी पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारखीचा आरंभ नक्षीपासून नव्हे, तर भांडे ज्या पदार्थाचे आहे त्यापासून करावा लागतो. १९५३ साली कॉर्निंगमधील रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टुकी हे प्रकाशसंवेदी काचेचा एक तुकडा भट्टीत तापवीत होते. तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअस ठेवावयाचे होते. नियंत्रकातील बिघाडामुळे ते ९०० अंशांच्या आसपास गेले. काच वितळून भट्टीची नासाडी झाली असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात हाती आला तो दुधाळ पांढरा, अपारदर्शक तुकडा. चिमट्यातून निसटून तो जमिनीवर आपटला, तरी फुटला नाही. या अपघातातून काच-सिरॅमिक या नव्या पदार्थवर्गाचा पाया घातला गेला. पुढे विकसित झालेल्या ‘पायरोसेराम’ या पदार्थात टायटॅनियम ऑक्साइडच्या साहाय्याने काचेत असंख्य सूक्ष्म स्फटिक वाढविले जातात. त्याचे औष्णिक प्रसरण अत्यल्प असल्याने शीतकपाटातून काढलेले भांडे सरळ शेगडीवर ठेवता येते. तो सच्छिद्र नसतो आणि त्यावर वेगळी चकाकी चढवावी लागत नाही. म्हणून पृष्ठभागावर चकाकीचे जाळीदार तडे दिसल्यास ते भांडे पायरोसेरामचे नव्हे, असे समजावे.

नक्षीवरून काळाचा अंदाज येतो. तीन निळ्या फुलांची ‘कॉर्नफ्लॉवर’ नक्षी १९५८ पासून १९८८ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, उत्पादनात होती. भाज्यांची चित्रे असलेली ‘स्पाइस ओ लाइफ’ १९७२ मध्ये, तर ‘वाइल्डफ्लॉवर’ १९७७ मध्ये आली. स्पाइस ओ लाइफच्या चित्राखाली फ्रेंच शब्द असतात. काही विक्रेते त्यांना दुर्मीळतेची खूण मानतात. वस्तुतः ती शॅलट कांदा, मारजोरम अशा वनस्पतींची साधी नावे आहेत. तळाकडील क्रमांकही उपयोगी पडतो : ‘पी’ अक्षराने सुरू होणारी मालिका आधीची, तर ‘ए’ अक्षराची, अधिक चौकोनी घडणीची मालिका १९७२ नंतरची. केवळ नक्षीवर मात्र विसंबू नये, कारण कॉर्नफ्लॉवर नक्षी नंतरच्या उत्पादनांवरही पुन्हा वापरली गेली.

येथे प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. १९९८ साली कॉर्निंगने गृहोपयोगी भांड्यांचा व्यवसाय विकला आणि २००० च्या सुमारास त्याच नावाने स्टोनवेअरची भांडी विकली जाऊ लागली. आकार तोच, नावही तेच, पदार्थ मात्र निराळा. स्टोनवेअर भट्टीत चालते; प्रत्यक्ष आचेवर एकाच ठिकाणी उष्णता मिळाल्याने ते तडकू शकते. अशा भांड्याच्या तळाची कडा बहुधा चकाकीविना खरखरीत असते आणि शेगडीवर न ठेवण्याची सूचनाही तळाशी छापलेली असते. जुने समजून ते आचेवर ठेवणाऱ्यास भाजण्याचा धोका आहे. खरे जुने असूनही जपून हाताळावे असे उदाहरण म्हणजे कॉफीचे पर्कोलेटर. धातूचे कडे काचेपासून सुटत असल्याने १९७० च्या दशकात कंपनीला त्यांपैकी काही परत मागवावे लागले होते. हे नग मांडणीत ठेवण्याजोगे आहेत, वापरण्याजोगे नव्हेत.

आता किमतीचा प्रश्न. विक्रीस्थळावरील आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा असते. ती नोंदविण्यास पुरावा लागत नाही, आणि न विकलेली वस्तू त्याच आकड्यासह महिनोन्महिने दिसत राहते. पुढचा विक्रेता तोच आकडा आधार धरतो, बातम्या त्याला प्रसिद्धी देतात आणि वारशाने आलेल्या भांड्याविषयी घरोघरी भलत्या आशा निर्माण होतात. मूल्याचा निकष प्रत्यक्ष झालेले व्यवहार हाच असावयास हवा. बहुतेक विक्रीस्थळांवर पूर्ण झालेल्या विक्रीची यादी स्वतंत्रपणे पाहता येते. तेथे कॉर्नफ्लॉवरचे सर्वसाधारण नग बहुधा काही दशक डॉलरांच्या आतच आढळतात. याचे कारण उघड आहे : तीस वर्षे प्रचंड प्रमाणावर निघालेली आणि सहसा न फुटणारी वस्तू दुर्मीळ होणे कठीण. केवळ वय वाढले म्हणून किंमत वाढत नाही. अल्पकाळ निघालेली नक्षी, क्वचित आढळणारा आकार, मूळ झाकण, न उडालेला रंग आणि मूळ खोका यांमुळे मात्र वाढ होते. झाकण काचेचे असल्याने तेच आधी फुटते. म्हणून झाकणासह पूर्ण असलेल्या नगाची आणि उघड्या भांड्याची किंमत एकाच यादीत मोजू नये.