विश्लेषण : नाताळची कुकी सजावट पार्टी घरी कशी करावी? कुठे चुकते, काय जपावे?

डिसेंबर उजाडला की अमेरिकेत घरोघरी एक ठरलेला कार्यक्रम असतो. शेजारपाजारची, शाळेतली आठ-दहा मुले एका टेबलाभोवती बसतात आणि तारा, घंटा, नाताळचे झाड अशा आकारांच्या बिस्किटांवर साखरेच्या रंगीत लेपाने नक्षी काढतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही मुलांच्या शाळेमुळे ही कुकी सजावट पार्टी ओळखीची झाली आहे. भारतातही अनेक घरांत ओटीजी आले आणि कुकीचे साचे दुकानात मिळू लागले, तशी ती इथल्या सोसायट्यांत दिसू लागली आहे. दिसायला हा खेळ सोपा आहे. प्रत्यक्षात अनेकदा लेप ओघळतो, रंग एकमेकांत मिसळतात, मुले कंटाळतात आणि यजमान स्वयंपाकघरातच अडकून पडतात. असे का होते?

ही प्रथा आली कुठून?

‘कुकी’ हा शब्द डच भाषेतील ‘कुक्ये’ म्हणजे छोटा केक या शब्दावरून आला. आजचे न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांच्या ताब्यात होते, तिथून तो अमेरिकी इंग्रजीत रुजला. १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात नाताळच्या कुकीची कृती आहे. मैदा, लोणी आणि साखरेबरोबर तीत चक्क धन्याची पूड आहे. या कुकी सुरुवातीला कडक लागल्या तरी मातीच्या भांड्यात ठेवल्यास सहा महिन्यांनी अधिक चांगल्या लागतात, असेही त्यात नमूद आहे.

सजावटीची परंपरा मात्र मुख्यतः युरोपातली. जर्मनीत नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळात मुलांसह घरी बिस्किटे भाजण्याची पद्धत आजही आहे. न्यूरेंबर्ग शहराची मसालेदार ‘लेबकुखन’ बिस्किटे तर युरोपीय संघाच्या भौगोलिक मानांकनाने संरक्षित आहेत. आपल्याकडे गोवा आणि वसई पट्ट्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाआधी कुलकुल आणि करंज्या करायला घरातले सगळे एकत्र बसतात. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळत कुलकुल करण्याचे काम हमखास मुलांकडे असते. पदार्थ वेगळे, पण अनेक हातांनी एकत्र बसून करण्याचे काम तेच.

पार्टी बिघडते कुठे?

बहुतेक वेळा एकाच कारणाने. भाजणे, गार करणे, लेप बनवणे आणि सजवणे ही चारही कामे एकाच दुपारी उरकण्याचा प्रयत्न होतो. ओटीजीमध्ये एका वेळी साधारण एकच ट्रे मावतो. ४० कुकी भाजायला तीन-चार घाणे काढावे लागतात, त्यानंतर त्या पूर्ण गार व्हायला तासभर. कोमट कुकीवर लेप घातला की साखर पातळ होऊन कडेवरून ओघळते. म्हणून पार्टीचे काम तीन दिवसांत विभागावे. दोन दिवस आधी पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवावे. आदल्या दिवशी कुकी भाजून, गार करून डब्यात भराव्यात आणि रात्री लेप तयार करावा. पार्टीच्या दिवशी फक्त सजावट. पाहुणे येतील तेव्हा ओव्हन बंद असावा. भाजलेला ट्रे आणि धावणारी मुले एका खोलीत नसणे, हाही यातला मोठा फायदा.

कुकीचा आकार का बिघडतो?

घंटेच्या आकाराची कुकी भाजल्यावर गोल झालेली दिसते, त्याला लोण्याचा स्वभाव कारणीभूत असतो. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. ओव्हनमध्ये पीठ घट्ट होण्याआधीच ते वितळले तर कुकी पसरते. कापलेली कुकी ट्रेसकट १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मग भाजली तर लोणी वितळायला वेळ लागतो आणि कडा शाबूत राहतात. बेकिंग पावडर कुकीला फुगवते, त्यामुळे सजावटीच्या कुकीत ती टाळलेली बरी.

अंड्याशिवायचे सोपे प्रमाण वजनावर लक्षात राहते : एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. आठ मुलांना प्रत्येकी चार कुकी आणि तुटफुटीसाठी आठ जास्तीच्या, अशा ४० कुकींसाठी १५० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम बटर आणि ४५० ग्रॅम मैदा पुरतो. नानकटाईचे पीठ मळणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. पीठ दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून सुमारे ६ मिलिमीटर जाडीचे लाटावे आणि ६ सेंटीमीटरच्या आसपासच्या साच्याने कापावे. याहून पातळ कुकी मुलांच्या हातात मोडते. ओव्हन आधी तापवून १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटे, म्हणजे कडा किंचित बदामी होईपर्यंत भाजावे. ट्रेवर पाच मिनिटे तशीच राहू देऊन मग जाळीवर काढावी. गरम असताना ती मऊच असते, गार झाल्यावर खुसखुशीत होते.

लेप कडक कसा होतो?

पारंपरिक ‘रॉयल आयसिंग’ म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि बारीक साखर. फेटताना पांढऱ्या भागातील प्रथिने हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. पाणी उडून गेले की साखरेचे सूक्ष्म स्फटिक आणि प्रथिनांची जाळी मिळून कडक कवच तयार होते. म्हणजे हा लेप शिजत नाही, तो फक्त वाळतो. अंडे कच्चेच राहते आणि कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणूचा धोका असतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना तो अधिक. म्हणून ताज्या अंड्याऐवजी मेरिंग पावडर वापरावी. ती अंड्याच्या पाश्चराइज केलेल्या पांढऱ्या भागापासून बनते. ४५० ते ५०० ग्रॅम आयसिंग शुगरला तीन मोठे चमचे मेरिंग पावडर आणि पाच ते सहा मोठे चमचे पाणी हे रूढ प्रमाण आहे.

अंडे न खाणाऱ्यांसाठी दोन पर्याय आहेत. पहिला छोल्यांच्या पाण्याचा. मीठ न घालता शिजवलेल्या काबुली चण्यांचे पाणी आटवून चिकट केले की ते अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे फेसाळते. २०१४ मध्ये फ्रान्समधील जोएल रोसेल या संगीतकाराने हा गुणधर्म लोकांसमोर आणला. दुसरा पर्याय अधिक सोपा. ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज आणि चार मोठे चमचे पाणी घ्यावे, नंतर लागेल तसे थेंब थेंब पाणी वाढवावे. हा लेप रॉयल आयसिंगइतका कडक होत नाही, पण चमकदार दिसतो. मिक्सरवर घरी दळलेल्या पिठीसाखरेत कण राहतात आणि ते कोनाच्या टोकात अडकतात. ती वापरायची तर आधी बारीक चाळणीतून दोनदा चाळून घ्यावी.

किती घट्ट, किती पातळ?

व्यावसायिक सजावट करणारे कडेच्या रेषेसाठी टूथपेस्टसारखा घट्ट लेप आणि आत भरायला पातळ लेप वापरतात. मुलांसाठी मधला एकच लेप पुरे. त्याची परीक्षा अशी : चमच्याने उचललेली धार परत भांड्यात सोडावी आणि मनात आकडे मोजावेत. १५ ते २० पर्यंत मोजताना ती रेघ विरून गेली तर लेप बरोबर आहे. दहाच्या आत विरली तर थोडी साखर, विसाव्यानंतरही दिसली तर काही थेंब पाणी घालावे. रंग जेलचा घ्यावा, कारण पाण्यासारखा रंग जास्त घातला की लेप सैल होतो.

लेप भरायला महागडी साधने लागत नाहीत. मेंदीचा कोन वळतो तसाच जाड प्लास्टिकचा किंवा बटर पेपरचा कोन वळून, वरचे तोंड रबर बँडने बंद करून टोक अगदी थोडे कापावे. पाच वर्षांखालील मुलांना कोन दाबणे जमत नाही. त्यांना छोट्या वाटीत लेप आणि स्वच्छ ब्रश द्यावा. रंग तीन-चारच ठेवावेत आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र ताटली द्यावी. कोन तोंडात घालून पुन्हा टेबलावर ठेवण्याची सवय बहुतेक मुलांना असते, त्यामुळे नावाची चिठ्ठी लावलेला प्रत्येकाचा वेगळा कोन असलेला बरा. उघडा लेप काही मिनिटांतच वरून सुकू लागतो, म्हणून वाट्यांवर ओले फडके टाकावे. लहान मुलांचे लक्ष दीड तासाहून अधिक टिकत नाही, तेवढाच कार्यक्रम ठरवावा.

सर्वांत जास्त काळजी कशाची?

मुले सजवता सजवता खातात, त्यामुळे टेबलावर ठेवलेली प्रत्येक वस्तू खाण्याजोगीच हवी. इथे सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे चकाकीची पावडर. अमेरिकेतील रोड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाल्ल्यानंतर सहा मुले आजारी पडली. केकवर लावलेल्या धातुई चकाकीच्या पावडरमध्ये तांब्याचे प्रमाण प्रचंड होते. त्यानंतर तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने यावर सविस्तर इशारा प्रसिद्ध केला. ‘बिनविषारी’ लिहिलेली पावडर खाण्यासाठी असतेच असे नाही. पाकिटावर ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख आणि घटकांची यादी असेल तरच ती घ्यावी. भारतात एफएसएसएआयचा परवाना क्रमांकही पाहावा. सुटी, लेबल नसलेली चमकी टाळावी.

दुसरी गोष्ट कच्च्या पिठाची. मैदा भाजलेला नसतो, तो कच्चाच असतो. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठामुळे अनेक राज्यांत ई. कोलाय जिवाणूची लागण झाली होती. मळलेल्या गोळ्याचा तुकडा चाखण्याचा मोह मुलांना होतो, तो थांबवावा. तिसरी गोष्ट घशात अडकण्याची. चंदेरी कडक गोळ्या आणि अख्खे दाणे चार-पाच वर्षांखालील मुलांच्या टेबलावर ठेवू नयेत.

आमंत्रण देताना काय विचारावे?

पालकांना दोन प्रश्न आधीच विचारावेत : मुलाला कशाची ॲलर्जी आहे का, आणि घरी अंडे चालते का? दाणे, काजू, बदाम, दूध, गहू यांपैकी कशाचीही ॲलर्जी असू शकते. एका मुलाला दाण्यांची ॲलर्जी असेल तर त्याच्यापुरती वेगळी ताटली पुरत नाही, कारण हात आणि कोन सगळीकडे फिरतात. त्या दिवशी टेबलावरून दाणे पूर्णपणे वगळणे हाच सुरक्षित मार्ग.

शाकाहारी घरांसाठी लेबल वाचणे महत्त्वाचे. मेरिंग पावडरमध्ये अंडे असते, मार्शमेलोमध्ये बहुधा जिलेटिन असते. कार्माइन हा लाल रंग कोचिनिअल किड्यांपासून मिळतो, तर रंगीत दाण्यांवरच्या चमकेसाठी कधी लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅक वापरतात. भारतात पाकिटावरची हिरवी खूण पाहता येते, परदेशात घटकांची यादीच वाचावी लागते. सगळ्यांसाठीच बिनअंड्याची कुकी आणि बिनअंड्याचा लेप केला तर कोणत्याही मुलाला ‘हे तुझे नाही’ असे सांगण्याची वेळ येत नाही.

सजवलेल्या कुकी घरी कशा न्याव्यात?

लेप वरून एक-दोन तासांत सुकतो, पण आतपर्यंत वाळायला आठ तास ते एक दिवस लागतो. मुंबई किंवा कोकणासारख्या दमट हवेत वेळ वाढतो, कारण साखर हवेतील ओलावा ओढून घेते. अशा ठिकाणी कुकी पंख्याखाली ठेवाव्यात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटते आणि लाल रंग पांढऱ्यात उतरतो. पार्टीनंतर मुलांना कुकी एकावर एक न रचता, पसरट खोक्यात एका थरात द्याव्यात आणि खोक्यावर वापरलेले घटक लिहावेत. ती कुकी घरी कोणी दुसरेही खाणार असते. पूर्ण वाळल्यावर बटर पेपरचे थर देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर त्या आठवडाभर चांगल्या राहतात.