जुन्या ॲनिमे सीडीची नुसती आयएसओ का पुरत नाही?

१९९० च्या दशकात जपानमध्ये ॲनिमे चित्रांचे संग्रह सीडी-रॉमवर निघायचे. अशी डिस्क हाती लागली, तर नुसती चित्रं कॉपी करून थांबू नका, एवढंच माझं सांगणं आहे.

एक तर काही डिस्कवर डेटाच्या मागून गाण्यांचे ट्रॅक असतात. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, गाणी मागेच राहतात. म्हणून बिन-क्यू जोडीत सगळी डिस्क उतरवायची, सेक्टरमागे २०४८ नाही, पूर्ण २३५२ बाइट.

दुसरं, फाइलींची नावं शिफ्ट-जेआयएसमध्ये असू शकतात. आज ती अगम्य दिसतात, जुन्या मराठी फाँटमधला मजकूर दिसतो ना, तशीच. ती बदलू नका. चित्रं पीसी-९८ च्या मॅग फॉरमॅटमध्ये असतील तर पीएनजी जरूर करा, पण मूळ फाइल ठेवाच.

आणि घाई कशाला? तर सीडीचा ॲल्युमिनियमचा थर लेबलखाली, अगदी पातळ लॅकरच्या आड असतो. तिथे हवा, ओल शिरली की तो खराब होत जातो, आणि ड्राइव्हला काही दिसेनासं होतं. दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, चेकसम ताडून बघा. जुळले, की डिस्क वाचली म्हणायची!