दस्त नोंदणी: ओळख पटवायला पैसे का मोजता?

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात कामाच्या दिवशी थोडा वेळ थांबलं की एक प्रश्न कानावर येतोच: "साक्षीदार आणलेत का? नसतील तर देतो आपण." विचारणारा झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा असतो आणि खिशात आधार कार्ड घेऊन बसलेली दोन माणसं त्याच्या हाताशी असतात. फ्लॅट घ्यायला आलेलं कुटुंब मुद्रांक शुल्काच्या आकड्यानं आधीच दमलेलं असतं. एवढे लाख गेले, त्यात आणखी काहीशे, असं म्हणून ते होकार देतात. हे पैसे तर वाचवता येतातच, पण त्या होकारामागचा धोका पैशांहून मोठा आहे. दस्त नोंदवताना माणसाची ओळख पटवण्याचं काम कायद्यानं फार स्वस्त ठेवलेलं आहे. ते महाग होतं ते गैरसमजांमुळे.

गैरसमज: ओळखदार म्हणजे नुसती सही, ती कोणाचीही चालते.

नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 34 नुसार नोंदणी अधिकाऱ्यानं दोन गोष्टी बघायच्या असतात. ज्याच्या नावानं दस्त आहे त्यानंच तो करून दिला आहे का, आणि समोर उभा असलेला माणूस खरोखर तोच आहे का. अधिकारी तुम्हाला ओळखत नसतो, म्हणून तुम्हाला ओळखणारी दोन माणसं, म्हणजेच ओळखदार, लागतात. घरात जुनं खरेदीखत असेल तर त्याची शेवटची पानं उघडून पाहा. पक्षकारांचे फोटो आणि अंगठ्यांचे ठसे असलेल्या गोषवाऱ्यात खाली आणखी दोघांचे फोटो दिसतील. त्यांच्यापुढे असं निवेदन छापलेलं असतं, की हे इसम दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात आणि त्यांची ओळख पटवतात. चहाच्या टपरीवर दहा मिनिटांपूर्वी तुमचं नाव विचारून घेतलेल्या माणसानं तिथं सही केली, तर ते निवेदन सरळसरळ खोटं ठरतं. नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटं सांगणं, दुसऱ्याच्या नावानं उभं राहणं आणि अशा कामाला मदत करणं, या सगळ्याला कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एवढी कडक शिक्षा ठेवण्याचं कारण म्हणजे तोतया मालक. मुलाकडे परदेशी गेलेल्या आजोबांचा बंद फ्लॅट किंवा वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नाही असा गावाबाहेरचा प्लॉट, अशा मिळकतींवर त्यांची नजर असते. बनावट कार्ड आणि पैसे देऊन आणलेले दोन ओळखदार हाताशी असले की बनावट विक्री उभी राहते. पुढे खरा मालक येतो तेव्हा खरेदीदाराच्या हाती रीतसर नोंदलेला दस्त असतो आणि मालकी मात्र नसते, कारण जे विकणाऱ्याचं नव्हतं ते त्याला देताच येत नाही.

म्हणून खरेदीदारानं आग्रह धरावा, की विकणाऱ्याची ओळख पटवायला त्याला खरंच ओळखणारी माणसं यावीत: शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी, कामावरचा सहकारी. त्यांच्याशी आधी दोन शब्द बोलून घ्यावेत. किती वर्षांची ओळख, घरी कोण कोण असतं, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. या तपासणीचा खर्च म्हणजे त्या दोघांच्या येण्याजाण्याचं भाडं आणि चहा. याहून भरवशाची पडताळणी मला तरी माहीत नाही.

इथं एक गल्लत कायम होते. ओळखदार वेगळा आणि दस्तावर साक्ष घालणारा साक्षीदार वेगळा, जरी प्रत्यक्षात बहुतेक वेळा तीच दोन माणसं दोन्ही ठिकाणी सह्या करत असली तरी. बक्षीसपत्राला आणि मृत्युपत्राला दोन साक्षीदार कायद्यानंच लागतात. बक्षीसपत्राबाबत हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे आणि मृत्युपत्राबाबत भारतीय उत्तराधिकार अधिनियमात. त्या साक्षीवर पुढे कोर्टात सगळं अवलंबून असू शकतं, तेव्हा तिथं तर भाड्याचा माणूस मुळीच नको. वीस वर्षांनी त्याला कुठं शोधणार?

गैरसमज: नोटरी केली की ओळखही पटली आणि व्यवहारही पक्का झाला.

शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. नोटरीचा शिक्का कितीही ठळक असला तरी तो नोंदणीची जागा घेत नाही. कुलमुखत्यारपत्र, विक्री करार आणि मृत्युपत्र असा गठ्ठा करून मिळकत 'विकण्या'च्या प्रथेनं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. भाड्यानं घर देतानाही हीच चूक होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. या कराराची आता घरबसल्या ई-नोंदणी होते आणि तिथं ओळख आधार पडताळणीनं पटते. नोटरीकडे दिलेले पैसे अशा वेळी वाया जातात.

नोटरी लागतोच तिथं त्याची फी नोटरी नियम, 1956 मध्ये ठरवून दिलेली आहे. दरपत्रक कार्यालयात दिसेल असं लावणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ते बघायला मागावं, त्यात संकोच कसला.

गैरसमज: नावात फरक आहे, आता पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र हवं.

सातबारावर सखुबाई आणि आधारवर शकुंतला, किंवा खरेदीखत माहेरच्या नावानं आणि पॅन सासरच्या नावानं, हे आपल्याकडे घरोघरी सापडतं. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय दस्तातच करता येतो. पक्षकाराच्या वर्णनात दोन्ही नावं 'ऊर्फ' लावून लिहावीत आणि विवाहाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत जोडावी. प्रतिज्ञापत्र मागितलंच, तर एवढं लक्षात ठेवावं: शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 2004 पासून माफ आहे. ते साध्या कागदावर चालतं. तरीही आवारात सर्रास स्टॅम्प पेपर माथी मारला जातो, आणि ज्यांना तो भुर्दंड परवडत नाही तेच जास्त फसतात. म्हणून हे ठासून सांगितलं पाहिजे.

आधारवरचं नाव घाईनं बदलायला जाऊ नका. तिथं नाव बदलण्याची संधी साधारणपणे दोनदाच मिळते. ती मूळ कागदपत्रांशी जुळणारं नाव ठरवूनच वापरावी.

गैरसमज: आधारची झेरॉक्स दिली की पडताळणी झाली.

झेरॉक्स म्हणजे फक्त कागद. पडताळणी होते ती ठसा, डोळ्यांची बुबुळं, चेहरा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी आधारच्या यंत्रणेशी जुळतो तेव्हा, आणि त्यासाठी तुमची संमती लागते. समोरच्यानं दिलेलं कार्ड खरं आहे का हे फुकटात बघायचं असेल तर त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अॅपनं स्कॅन करावा. छापलेलं नाव आणि फोटो स्कॅनमध्ये आलेल्या माहितीशी जुळले नाहीत, तर व्यवहार तिथंच थांबवावा. संकेतस्थळावरून उतरवलेलं ई-आधार छापील कार्डाइतकंच ग्राह्य आहे, ते लॅमिनेट करून देणाऱ्याला पैसे देण्याची गरज नाही.

ठशांनी ओळख पटवण्याची एक काळजीची बाजूही आहे. 2018 मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरचे जमिनीचे दस्त उतरवले, त्यांवरच्या अंगठ्यांच्या ठशांवरून रबरी ठसे बनवले आणि ते सिमकार्डं चालू करायला वापरले. दस्तावर फोटो आणि बोटांचे ठसे घेणं नोंदणी अधिनियमाच्या कलम 32-अ नुसार आवश्यकच आहे, ते टाळता येत नाही. पण आधारचं बायोमेट्रिक लॉक मोफत आहे आणि घरबसल्या लावता येतं. नोंदणीच्या दिवशी ते उघडायचं आणि घरी आल्यावर पुन्हा बंद करायचं. उघडायला विसरलात तर खिडकीवर 'थंब लागत नाही' म्हणून खोळंबा होतो आणि मग पुन्हा आवारातला तोच एजंट मदतीला धावून येतो. एजंटाला किंवा दलालाला प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्यावं. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

गैरसमज: आजारी किंवा परदेशी असेल तर एजंटाशिवाय मार्ग नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून कार्यालयात आणावं लागत नाही. नोंदणी अधिनियमाच्या कलम 31 आणि 38 मध्ये गृहभेटीची तरतूद आहे. अर्ज करून ठरलेलं शुल्क भरलं की अधिकारी घरी येतो.

परदेशातल्या माणसानं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे जातीनं सही करून द्यायचं असतं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुखत्यार कोणाला नेमता यावर खर्च फार बदलतो. आई-वडील, नवरा-बायको, भाऊ-बहीण किंवा मुलं यांना मोबदल्याविना अधिकार दिला तर शुल्क किरकोळ असतं. परक्याला विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं. त्यामुळे ओळखीच्या एजंटाला मुखत्यार करण्याआधी आपल्या बहिणीला विचारावं.

गैरसमज: नोंदणी झाली म्हणजे सरकारनं मालकी तपासली.

नोंदणी अधिकारी माणसाची ओळख बघतो. मालकी हक्क तपासणं त्याचं काम नाही. तमिळनाडूतल्या नोंदणी नियमांवरच्या के. गोपी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये हेच सांगितलं. मालकीचा शोध खरेदीदारालाच घ्यावा लागतो: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मागचे दस्त, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू). यातलं बरंचसं शासनाच्या संकेतस्थळांवर पाहता येतं.

खर्चाबद्दल शेवटचं. महाराष्ट्रात खरेदीखताची नोंदणी फी मिळकतीच्या मूल्याच्या एक टक्का आणि जास्तीत जास्त 30,000 रुपये आहे. त्याशिवाय पानामागे दस्त हाताळणी शुल्क लागतं. ओळख तपासण्याचं काम या नोंदणीतच येतं. दस्ताची माहिती नोंदणी विभागाच्या 'पब्लिक डेटा एंट्री' या ऑनलाइन सुविधेवर स्वतः भरता येते आणि वेळही ऑनलाइन घेता येते. एजंटानं 'व्हेरिफिकेशन'चे म्हणून वेगळे पैसे सांगितले तर त्याच्याकडे शासकीय पावती मागावी.