दूरसंचार पायाभूत कामांसाठी अभियंत्याची निवड : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दूरध्वनी, भ्रमणध्वनी आणि इंटरनेट या सेवा आज पाणी व विजेइतक्याच नित्याच्या झाल्या आहेत. महाविद्यालयाची प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार आणि रुग्णवाहिकेला करावयाचा फोन हे सर्व ज्या जाळ्यावर चालते, ते जाळे उभे करणारा व चालू ठेवणारा अभियंता मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. त्याची नेमणूक कोण करतो, कोणत्या कसोटीवर करतो आणि त्याच्याकडून नेमके काय अपेक्षिले जाते, याविषयी ज्या महाविद्यालयांतून तो बाहेर पडतो तेथेही फारशी स्पष्टता आढळत नाही.

कोल्हापूर जिल्हा व त्याचा परिसर अभियांत्रिकी शिक्षणाच्या दृष्टीने संपन्न आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, वारणानगर आणि शेजारच्या सांगली येथील संस्थांमधून इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार, विद्युत, संगणक आणि स्थापत्य या शाखांचे पदवीधर गेली अनेक दशके बाहेर पडत आहेत. त्यांपैकी काहींना दूरसंचार क्षेत्रात काम मिळते. परंतु ते काम आणि त्यांनी दिलेली परीक्षा यांत मोठे अंतर असते. हे अंतर कसे निर्माण झाले व ते कसे कमी करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१. दूरसंचार अभियंत्याच्या नेमणूक पद्धतीत झालेले बदल समजून घेणे.
२. कोल्हापूर जिल्ह्यातील भौगोलिक परिस्थितीत या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप स्पष्ट करणे.
३. निवडीच्या योग्य कसोट्या आणि महाविद्यालयांची भूमिका मांडणे.

१. नेमणुकीची पूर्वपरंपरा :

भारतातील तारयंत्राचा प्रारंभ १८५१ मधील कलकत्ता–डायमंड हार्बर या मार्गाने झाला. हे काम पार पाडणारे विल्यम ओशॉघनेसी हे पेशाने वैद्य व रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचे प्रमुख भारतीय सहकारी शिवचंद्र नंदी हे कलकत्त्याच्या टांकसाळीतील कर्मचारी होते. तारयंत्राची पदवी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. कामाची जाण आणि हाताला असलेली सवय हीच पात्रता होती. पुढे १८७० च्या दशकात इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे हिंदुस्थानच्या सेवेसाठी अभियंते तयार करणारे महाविद्यालय निघाले आणि तार खात्यासाठीही तेथून अभियंते येऊ लागले. निवड आधी आणि कामाचे शिक्षण नंतर, हा क्रम येथून रूढ झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच क्रम अधिक व्यवस्थित झाला. १९६५ मध्ये रचना झालेल्या भारतीय दूरसंचार सेवेसाठी संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून निवड होऊ लागली. त्याखालच्या पातळीवर कनिष्ठ अभियंता, म्हणजेच पुढे ज्याला ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर म्हटले गेले, ते पद होते. लेखी परीक्षेतून निवडलेल्या उमेदवाराला खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात पाठविले जाई. जबलपूर येथील केंद्र यासाठी प्रसिद्ध होते. तेथून परतल्यावर ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकणे होई. लेखी परीक्षेत केवळ सैद्धांतिक ज्ञान तपासले जाई ही त्या पद्धतीची उणीव नव्हती, कारण उरलेले सर्व शिकविण्याची जबाबदारी खात्याने स्वतःकडे घेतली होती.

२. नियोक्त्यांची साखळी :

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मूलभूत दूरध्वनी सेवा खासगी कंपन्यांना खुली केली. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याच्या सेवाविषयक कामातून भारत संचार निगम लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली. त्याच वर्षापासून मनोरे, नळमार्ग आणि न वापरलेले तंतू इतरांना भाड्याने देणाऱ्या पायाभूत सुविधा कंपन्यांची नोंदणी सुरू झाली. २००४ मध्ये भारती कंपनीने आपल्या जाळ्याची उभारणी व देखभाल एरिक्सनसारख्या उपकरणनिर्मात्या कंपन्यांकडे सोपविली. २००७ मध्ये तीन सेवा कंपन्यांनी मिळून इंडस टॉवर्स ही सामाईक मनोरा कंपनी स्थापन केली.

या बदलांचा आर्थिक लाभ मोठा होता. एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची उपकरणे बसू लागली आणि सेवा स्वस्त झाली. परंतु नेमणुकीच्या दृष्टीने त्याचा परिणाम वेगळा झाला. पूर्वी खाते हाच सेवादाता, मालक, प्रशिक्षक आणि नियोक्ता होता. आता सेवा एकाची, मनोरा दुसऱ्याचा, उपकरणाची देखभाल तिसऱ्याकडे, तंतूचे खोदकाम चौथ्या कंत्राटदाराकडे आणि अभियंत्याचा पगार पाचव्या मनुष्यबळ पुरवठादाराकडून, अशी साखळी निर्माण होऊ शकते. सार्वजनिक क्षेत्रातील मनुष्यबळही आटले. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले, म्हणजे जवळजवळ निम्मे. त्यांच्याबरोबर, कोणता तंतू कोणत्या ओढ्याखालून गेला आहे, ही कागदावर न उतरलेली माहितीही मोठ्या प्रमाणात कार्यालयाबाहेर गेली.

या साखळीत परीक्षा शिल्लक राहिली. २०१७ मध्ये निगमने गेट परीक्षेच्या गुणांवर ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसरची भरती जाहीर केली. खासगी कंपन्याही महाविद्यालयात येऊन अभियोग्यता चाचणी व मुलाखत घेतात. मात्र परीक्षेनंतरचे दीर्घ प्रशिक्षण साखळीच्या खालच्या टोकाला पोहोचत नाही. कंत्राटाची मुदत अल्प असल्याने नव्या माणसाला वर्षभर शिकविण्यात खर्च करणे कोणत्याच दुव्याला परवडत नाही. आजच्या अडचणीचे मूळ परीक्षेच्या काठिण्यात नसून येथे आहे.

३. कामाचे स्वरूप आणि जिल्ह्याचा भूगोल :

कोल्हापूर जिल्ह्याच्या १२ तालुक्यांत एकच तांत्रिक कृती वेगवेगळे रूप घेते. प्रकाशीय तंतूची केबल साधारणतः १६५ सेंटिमीटर खोल पुरावी, असा निगमच्या कामातील प्रचलित दंडक आहे. शिरोळच्या काळ्या जमिनीत एवढे खोदणे सोपे असते, परंतु तीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते, त्यामुळे मनोऱ्याच्या पायाचा विचार वेगळा करावा लागतो. शाहूवाडी, राधानगरी किंवा चंदगडच्या डोंगराळ भागात जांभा व काळा पाषाण लागतो. तेथे खोली कमी करून लोखंडी नळी अथवा काँक्रीटचे संरक्षण द्यावे लागते आणि खडकाळ जमिनीत अर्थिंगचा रोध कमी राखण्यासाठी अधिक खड्डे व अधिक खर्च लागतो. अर्थिंगमध्ये कुचराई झाली तर वळवाच्या पहिल्या विजेत उपकरणे जळतात.

गगनबावड्यासारख्या अतिपर्जन्याच्या भागात सूक्ष्मलहरींच्या दुव्याचा प्रश्न येतो. सुमारे १० गिगाहर्ट्झच्या वरच्या कंप्रतेला मुसळधार पाऊस लक्षणीयरीत्या क्षीण करतो. कोरड्या दिवसांत निर्दोष वाटणारा दुवा आषाढात तुटतो. राधानगरी अभयारण्याच्या परिसरात वन विभागाची, रस्त्याकडेला सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि गावात ग्रामपंचायतीची परवानगी लागते. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांची जागा १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील नव्या नियमांनी घेतली आहे. म्हणजे या अभियंत्याला इलेक्ट्रॉनिक्सबरोबर माती, वीज, पाऊस आणि कायदा यांचीही ओळख असावी लागते.

महापुरात या सर्वांची परीक्षा होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, महामार्ग बंद झाला आणि अनेक गावांचा वीजपुरवठा थांबला. अशा वेळी मनोऱ्याचे काय होते, हे साध्या गणिताने समजते. एखाद्या केंद्राचा भार २ किलोवॅट आहे आणि तेथे ४८ व्होल्टचा ६०० अँपिअर-तासांचा बॅटरी संच आहे असे समजू. भाराला सुमारे ४२ अँपिअर प्रवाह लागतो. बॅटरीचा ८० टक्के भाग वापरला तरी ४८० अँपिअर-तास, म्हणजे जेमतेम ११ तास मिळतात. संच जुना असेल तर याहून कमी. पूर तीन दिवस टिकला तर उरलेला काळ डिझेल जनित्रावर काढावा लागतो आणि रस्ता पाण्याखाली असताना डिझेल कोठून न्यावे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर जूनच्या आधी शोधलेले असावे लागते. जनित्र पूररेषेच्या वर उचलावे, इंधनाचा साठा आधीच वाढवावा, जुना बॅटरी संच बदलावा, हे निर्णय अभियंत्याला दिसतात. पण त्यासाठी खर्च मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

४. निवडीची कसोटी :

वरील विवेचनावरून असे दिसते की, केवळ बहुपर्यायी प्रश्नांनी या कामासाठी योग्य व्यक्ती ओळखता येणार नाही. उदाहरणार्थ, २० किलोमीटर तंतूमधील क्षय काढा, हा वर्गातला प्रश्न आहे. १५५० नॅनोमीटरला दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल धरले की उत्तर ४ डेसिबल येते. त्यात सांध्यांचा क्षय मिळविला की झाले. प्रत्यक्ष कामातील प्रश्न निराळा असतो : ओटीडीआर या मापन यंत्राने १३.४ किलोमीटरवर तंतू तुटल्याचे दाखविले, तर खड्डा कोठे खणावा? यंत्र तंतूची लांबी सांगते, रस्त्याची नव्हे. प्रत्येक सांध्याजवळ केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात, केबल वळणे घेत जाते, म्हणून तुटलेली जागा रस्त्याने मोजता १३.४ किलोमीटरच्या अलीकडे असते. किती अलीकडे, हे काम पूर्ण झाल्यानंतरच्या मार्गनकाशावरून कळते. जो उमेदवार लगेच नकाशा मागतो, त्याला काम समजले आहे.

त्यामुळे निवड समितीने चार गोष्टी तपासणे युक्त ठरेल. पहिली, मूलभूत सिद्धांत. त्याला पर्याय नाही. दुसरी, अपुऱ्या माहितीवरून दोष शोधण्याची रीत. तिसरी, लेखनाची शिस्त. मोजमाप वही, मार्गनकाशा आणि दोषनोंद मराठीत व इंग्रजीत नीट लिहिता येणे, कारण पुढचा माणूस त्यावरच अवलंबून असतो. चौथी, नकार देण्याचे धैर्य. ४० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर सुरक्षापट्ट्याशिवाय किंवा विजा चमकत असताना मजुराला चढविण्यास जो नकार देईल, तोच अभियंता त्या पदास पात्र आहे. हा प्रश्न मुलाखतीत स्पष्टपणे विचारला पाहिजे आणि नकार देणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील याची हमीही दिली पाहिजे.

५. नियुक्तिपत्राचे महत्त्व :

निवड उत्तम झाली तरी नियुक्तिपत्र संदिग्ध असेल तर तिचा उपयोग होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे नियोक्त्यावर बंधनकारक केले आहे. कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची मूळ नियोक्त्याची जबाबदारी, जी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, ती या संहितेतही कायम आहे. परंतु कायदा कागद देतो. कागदावर काय असावे हे मागणाऱ्याला माहीत असावे लागते. 'साइट इंजिनिअर' एवढेच पदनाम लिहिलेल्या पत्रातून अभियंत्याकडे किती केंद्रे आहेत, काम थांबविण्याचा अधिकार आहे काय, आणीबाणीत किती खर्च तो स्वतः मंजूर करू शकतो, अपघात झाल्यास जबाबदार कोण, हे काहीच कळत नाही. अधिकाराविना दिलेली जबाबदारी अखेर सर्वांत कनिष्ठ माणसावर येऊन पडते.

६. महाविद्यालयाची भूमिका :

महाविद्यालये भरतीची संख्या अभिमानाने नोंदवितात. तिच्याबरोबर भरतीचे स्वरूपही नोंदविले जावे. रोजगार कक्षाने येणाऱ्या प्रत्येक कंपनीला पुढील प्रश्न लेखी विचारावेत :

१. वेतन कोणती संस्था देणार आणि मूळ नियोक्ता कोण?
२. प्रशिक्षण किती आठवड्यांचे, कोठे आणि कोणाच्या खर्चाने?
३. उंचीवरील कामाचे प्रशिक्षण, साधने व विमा यांची तरतूद कोणती?
४. काम थांबविण्याचा अधिकार अभियंत्यास आहे काय?
५. कंत्राट संपल्यास त्याच्या सेवेचे काय होणार?

याखेरीज शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांचा समावेश झाला आहे. एक वर्षाच्या या शिकाऊ काळाचा उपयोग लुप्त झालेल्या खातेनिहाय प्रशिक्षणाची जागा भरून काढण्यासाठी करता येईल. बहुविद्याशाखीय सहकार्यालाही येथे वाव आहे. भूगोल विभाग पूररेषेचे नकाशे, वाणिज्य विभाग कंत्राटाचे वाचन आणि मराठी विभाग तांत्रिक नोंदलेखन शिकवू शकेल. यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

निष्कर्ष :

१. खातेनिहाय व्यवस्थेत परीक्षा व प्रशिक्षण ही एकमेकांना पूरक होती. आज परीक्षा उरली, पण प्रशिक्षण विरळ झाले आहे.
२. कोल्हापूरसारख्या घाट व पूरक्षेत्र असलेल्या जिल्ह्यात दूरसंचाराचे पायाभूत काम हे बहुशाखीय काम आहे. निवडीची कसोटी त्यानुसार असावी.
३. काम, अधिकार व जबाबदारी या तिन्ही बाबी नियुक्तिपत्रात एकत्र नमूद झाल्या पाहिजेत.
४. विद्यार्थ्याला नोकरी मिळवून देण्याबरोबरच ती नोकरी कोणाची व कशी आहे, हे विचारणे ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे.

समारोप :

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. गावोगाव तंतू पोहोचविण्याचा हा संकल्प मोठा आहे. पुरलेला तंतू दहा वर्षे चालू राहील की पहिल्याच पावसाळ्यात मुका होईल, हे त्या निधीपेक्षा कामावर कोणाची, कोणत्या तयारीने आणि कोणत्या अधिकाराने नेमणूक झाली यावर अधिक अवलंबून आहे. पुढचा महापूर येईल तेव्हा वाळव्या-शिरोळमधील एखाद्या कुटुंबाचा फोन लागणे वा न लागणे हे आज होणाऱ्या मुलाखतींतच काही अंशी ठरत असते.