गंगापूर रोडचा ससा आणि बंदूक

शेतात शिरणारे ससे बंदुकीने टिपून पीक राखणे ही ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शेतीची जुनी रीत आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरही ससा आहे आणि त्याच्याबद्दलची तक्रारही आहे. आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकून रस्ता गंगापूर गाव आणि धरणाकडे निघाला, की बंगल्यांच्या रांगा विरळ होतात. मग द्राक्षबागा, टोमॅटो आणि भाजीपाल्याचे मळे, मधेच माळरानाचे तुकडे दिसू लागतात. पुढे गिरणारे, दुगावच्या बाजूला हाच देखावा आहे. मात्र इथल्या सशावर बंदूक रोखता येत नाही. कायदा त्याच्या आड येतोच, शिवाय मुळात हा प्राणीच निराळा आहे.

परदेशात ज्याची शिकार होते तो युरोपी ससा जमिनीत बिळे करून कळपाने राहतो. मादीचा गर्भकाळ सुमारे ३० दिवसांचा असतो आणि व्यायल्यानंतर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. एका वेतात चार-सहा पिल्ले आणि वर्षात कित्येक वेते असा हा हिशेब आहे. १८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या बार्वन पार्क इथे शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून असे ससे आणवून सोडले. काही दशकांत त्यांनी जवळजवळ अर्धा खंड व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीची कुंपणे घातली, तरी ससे पलीकडे पोचलेच. लाखो ससे बंदुकीने आणि सापळ्यांनी मारले गेले, पण संख्या खऱ्या अर्थाने कोसळली ती १९५० मध्ये मिक्झोमा विषाणू सोडल्यावर. पुढे सशांत त्याची प्रतिकारशक्ती आली आणि १९९० च्या दशकात दुसरा विषाणू आणावा लागला.

तिथले जाणकार आज बंदुकीला पूरक उपाय मानतात. आधी बिळे नांगरून मोडायची, विषारी आमिष घालायचे आणि मग उरलेसुरले ससे रात्री दिव्याच्या झोतात टिपायचे, असा तो क्रम असतो. नुसत्या गोळीबाराने संख्या थोडे दिवस घटते. उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो, पिल्ले जास्त जगतात आणि पोकळी भरून निघते. रात्रीत किती मारले हे मोजणे सोपे असते, पीक किती वाचले हे मोजायला मात्र सहसा कोणी जात नाही.

गंगापूर रोडचा रानससा, म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस, बीळ करत नाही. दिवसा तो गवतातल्या किंवा झुडपाखालच्या उथळ खळग्यात अंग चोरून बसतो आणि तिन्हीसांजेनंतर चरायला निघतो. मानेवरचा काळा डाग ही त्याची ओळख. तो एकांडा असतो, मादीला एका वेळी एक ते चार पिल्ले होतात आणि ती अंगावर केस, डोळे उघडे अशीच जन्मतात. कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस, गरुड अशा अनेकांचा तो घास आहे. युरोपी सशासारखी त्याची टोळधाड इथे होत नाही.

नुकसान होते ते ठरावीक जागी आणि ठरावीक दिवसांत. हरभऱ्याचे कोवळे शेंडे, भुईमूग, नुकतीच लावलेली भाजीची रोपे आणि फळझाडांच्या रोपांची साल हे त्याचे खाणे आहे. द्राक्षाच्या नव्या लागवडीत खुंटरोपे आणि त्यावर भरलेल्या कलमाची पहिली फूट त्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. वेल एकदा मांडवावर चढला की सशाचा प्रश्न उरत नाही. गुन्हेगार ओळखण्याची खूण साधी आहे. सशाने खाल्लेली काडी चाकूने छाटल्यासारखी तिरपी आणि स्वच्छ कापलेली दिसते आणि आसपास गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या असतात. उंदीर-घुशीचे कुरतडणे ओबडधोबड असते. रानडुक्कर माती उकरून ठेवते. हे न पाहताच सशाच्या नावाने खडे फोडले जातात. उंदीर मारायला कायद्याची आडकाठी नाही, सशाला आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला. रानससा आधी त्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेररचना झाल्यावर तो दुसऱ्या अनुसूचीत आला. शिकार या शब्दात कायदा गोळी घालणेच नव्हे, तर फासे लावणे, जाळ्यात धरणे आणि तसा प्रयत्न करणेही धरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेत स्वतःचे आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. बॅटरीच्या झोतात गोठून उभा राहिलेला ससा कुत्री सोडून धरणे हा ग्रामीण भागात अजून अनेकांना रात्रीचा खेळ वाटतो, पण तोही गुन्हाच आहे. दख्खनच्या पठारावर कारवान जातीची वेगवान कुत्री सशाच्या शिकारीसाठीच जोपासली गेली, त्यामुळे ही सवय सहजी सुटणारी नाही. एअरगन वापरली म्हणून शिकार शिकार राहत नाही, हाही गैरसमजच.

कायद्यात वाट मात्र आहे. कलम ११ नुसार एखादा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आणि सकारण परवानगी देऊ शकतो. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक प्रदेशापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करू शकते. महाराष्ट्रात या वाटेने गेलेले प्राणी म्हणजे रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय. २०१५ मध्ये राज्याने त्यांच्या पारधीची परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणली. पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात पन्नासच्या आसपास रानडुकरे मारली गेली आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी पर्यावरण मंत्रालयावर उघड टीका केली, तर पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांनीच मागणी केल्याचे उत्तर दिले. कापूस-सोयाबीन रातोरात आडवे झालेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हा वाद परका वाटला असेल तर नवल नाही.

कोकणात बंदुकीशी शेतकऱ्याचे नाते जुने आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गात अशा शेती संरक्षणाच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि तेवढ्यात माकडे, डुकरे यांना रान मोकळे मिळते अशी तिथली नेहमीची कुरकुर असते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. बहुतेक वेळा ती बार काढून जनावर पळवण्यापुरतीच असते.

गंगापूर रोडवर तेही अवघड आहे. साध्या पॉइंट टू टू बोअरच्या रायफलीची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि खडकावर आपटली तर भलतीकडे वळते. इथे मळ्याला लागून वसाहती, फार्महाऊस, हॉटेले आणि पर्यटकांनी भरलेल्या वाइनरी आहेत. रात्री बागेत पाणी देणारा मजूर कुठल्या ओळीत वाकला आहे हे झोत मारणाऱ्याला दिसत नाही.

बिबट्याचा मुद्दाही इथे नेहमी निघतो. २५ जानेवारी २०१९ रोजी याच रस्त्यालगतच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, त्याने पत्रकारांसह काही जणांना जखमी केले आणि अखेर वन विभागाने त्याला बेशुद्ध करून पकडले. ससे संपले म्हणून बिबटे गावात येतात, असे अशा वेळी म्हटले जाते. ते अर्धवटच खरे आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. ससा वाचवायचे कारण बिबट्या नव्हे. उंदरांवर जगणारी खोकडे आणि रानमांजरे शेतात टिकण्याशी त्याचा जास्त संबंध आहे.

सशाला अडवायला जाळी पुरते. इंचभर छिद्रांची, अडीच-तीन फूट उंचीची तारेची जाळी लावायची आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबायची. सौर कुंपण डुक्कर आणि रोहीसाठी बरे. सशासाठी त्याची खालची तार अगदी जमिनीलगत लागते आणि तिथे गवत वाढले की प्रवाह गळतो. कुंपणात घरगुती वीज सोडणे तर सरळ मनुष्यवधाला निमंत्रण. थोडी रोपे असतील तर प्रत्येक रोपाभोवती जाळीची नळी पुरते. बांधाला चिकटून उंच गवत आणि घाणेरीची झुडपे वाढू न दिल्यास सशाला दिवसा बसायला जागा राहत नाही.

हा खर्च शेतकऱ्यालाच करावा लागतो. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई राज्यात मिळते. पण तिच्या यादीत रानडुक्कर, हरीण, रोही, रानगवा, माकड, वानर आणि हत्ती आहेत, ससा नाही. म्हणून वन कार्यालयात अर्ज करण्याआधी काडीवरचा काप आणि मातीतल्या खुणा नीट पाहून, त्यांचे फोटो काढून ठेवणे शेतकऱ्याच्या फायद्याचे असते.