जलतरण तलावाची परिभाषा

अमेरिकेत घरामागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असणे नवलाचे नाही. त्याच्या बांधकामातील काही शब्द समजून घेण्याजोगे आहेत.

सिमेंट-वाळूचे कोरडे मिश्रण हवेच्या दाबाने नळीतून सोडतात. नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळते आणि ते सळयांच्या जाळीवर फवारले जाते. हे 'गनाइट'. काठावरची दगडी वा काँक्रीटची किनार म्हणजे 'कोपिंग', तिच्याभोवतालची फरसबंदी म्हणजे 'डेक'. पृष्ठभागावरचा पालापाचोळा ओढून घेणारे काठालगतचे तोंड ते 'स्किमर', आणि तळाचे तोंड तो 'मेन ड्रेन'.

हा शेवटचा शब्द फसवा आहे. नाव निचऱ्याचे, पण तेथून पाणी आपोआप वाहून जात नाही. पंप ते ओढून घेतो. त्या तोंडावर शरीर टेकले की सारी ओढ तेथेच एकवटते व माणसाला सुटता येत नाही. २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही ७ वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात अशीच अडकून बुडाली. तिच्या नावाचा कायदा २००७ साली झाला आणि सार्वजनिक तलावांत ड्रेनवर सुरक्षित झाकण सक्तीचे झाले.

म्हणून ड्रेनचे झाकण तुटलेले वा निघालेले दिसले, तर तलाव कितीही सुंदर असो, पाण्यात उतरू नये.