वेशीच्या आत

गेल्या दोन-तीन वर्षांत बीडचं नाव वर्तमानपत्रांत आलं ते जाळपोळीसाठी, खुनासाठी आणि मराठा-ओबीसी तणावासाठी. त्याआधी यायचं ते दुष्काळ नि ऊसतोडीसाठी. या बातम्या खोट्या नाहीत. पण तेवढ्या वाचून कुणी कोतवाली वेशीतून जुन्या गावात शिरला, तर कारंजा भागापर्यंत पोचेस्तोवर त्याला आपलं मत जरा सैल करावं लागेल.

बिंदुसरा नदी गाव दुभागत जाते. पूर्वेला पेठ बीड. पलीकडे किल्ल्याचा भाग, जामा मशीद आणि बाजार. मशीद जहांगिराच्या अमदानीतली, 1627 ची. चौकोनी जलाशयाच्या मधोमध कंकालेश्वराचं मंदिर. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. पूर्वेच्या डोंगरावर शहेनशाह वलींचा दर्गा, आणि खंडोबाही डोंगरावरच, दोन उंच अष्टकोनी दीपमाळा घेऊन.

नदीच्या पूर्वेकडे मन्सूर शाहांचा दर्गा आहे. अठराव्या शतकातले हे सूफी महादजी शिंद्यांचे गुरू. पानिपतावरून महादजी जिवंत परतले ती त्यांचीच दुआ, असं श्रद्धावंत सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने या बीडच्या फकिराला आपल्या देवघरात जागा दिली, एवढं खरं.

हे सांगितलं की लगेच कुणीतरी ‘गंगा-जमनी संस्कृती’ म्हणून टाळी वाजवतं. मला ती टाळी घाईची वाटते. मोमीनपुरा, माळीवेस ही नावंच सांगतात की कुणी कुठे राहायचं ते ठरलेलं होतं. भिंतीला भिंत लावून सगळे मिसळून राहत, असं काही नव्हतं. बीडच्या चामड्याच्या छागला, म्हणजे प्रवासात पाणी थंड ठेवणाऱ्या पिशव्या, एकेकाळी नावाजलेल्या होत्या. छागल वेशीतून आत यायची. पण कातडं कमावणाऱ्याला जुन्या गावांनी वेशीच्या आत कधी राहू दिलं? मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या शहराच्या कौतुकात हा हिशेब धरलाच पाहिजे.

तरीही गाव चाललं, कारण मोहल्ले वेगळे असले तरी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते आणि एकाचं काम दुसऱ्यावाचून अडत होतं. गावाबाहेरची खजाना विहीर 1582 च्या सुमाराची. बांधवून घेतली निजामशाहीतल्या सलाबतखानाने. योजना राजा भास्कर या स्थापत्याच्या जाणकाराची. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचं पाणी शेतांना जायचं. सरदाराला पाणी हवं होतं, जाणकाराला काम. सलोख्याचं नाव कुणी काढलं नसेल.

लग्नसराईत बांगड्यांच्या दुकानापाशी थोडं थांबावं. खेड्यातून एसटीने आलेल्या चौघी-पाचजणी, मध्ये हळदीची नवरी. दाढीवाला चाचा तिचा पंजा हातात घेतो, अंगठ्याखालचं हाड दाबून बघतो आणि न विचारता माप काढतो. “ताई, हात सैल सोड, घट्ट नक्को धरू.” हिरवा चुडा सरसर चढतो. एखादी फुटली तर पैसे धरायचे नाहीत, हा रिवाज. सोबतची म्हातारी म्हणते, “माझ्या लग्नात याच्या बापानं भरल्या व्हत्या.” परक्या पुरुषाने नवरीचा हात धरायचा नाही, हा नियम इथे कुणाला आठवतही नाही.

हे किती दिवस टिकेल? 23 जुलै 1989 च्या महापुराने नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1,46,709 भरली. वाढ झाली ती बहुतेक वेशीबाहेर, नव्या नगरांत. ज्याच्या हाती पगार आला त्याने तिकडे प्लॉट घेतला, आणि घेताना शेजार बघून घेतला. जुन्या गावात मोहल्ले जातीचे होते, पण बाजार, पाणवठा, रस्ता एकच होता. नव्या नगराला स्वतःचं दुकान, स्वतःचं मंदिर नाहीतर मशीद, स्वतःचा शाळेचा ऑटो. शेजाऱ्यावाचून अडावं असं काही उरलेलं नाही. अंतर पडलंय ते तिथे, असं माझं मत.

आणि तेवढ्यात इतिहासाने एक गंमत केली. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा दप्तरं निघाली उर्दूत आणि मोडीत. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींना वजन आलं. आपली जात कोणती हे कागदावर सिद्ध करायला मराठा कुटुंबाला उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागला. तो वेशीच्या आतच भेटण्याचा संभव अधिक. ज्या गावात जातीवरून घरं पेटली, तिथे जातीचा पुरावा शेजाऱ्याच्या भाषेत निघतो.

त्या जुन्या उर्दूतले शिकस्ता, म्हणजे घसटीच्या, वळणाचे कागद सफाईने वाचणारे आता म्हातारे झाले आहेत. तेव्हा बीडच्या वाचकांना एकच विनंती: माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची खरेदीखतं, पावत्या, शेतसाऱ्याचे कागद असतील, तर या दिवाळीच्या सुट्टीत ते काढा, किल्ल्याकडे जाऊन कुणा जाणत्याकडून वाचून घ्या आणि मराठीत उतरवून ठेवा.